फोनातली पहिली बाई

उसाचा हंगाम सुरू झाला की क्रांतीचा आवाज गावोगाव फिरायला लागायचा. कुणी बांधावर उभं राहून तो ऐकायचं, कुणी गोठ्यात धार काढता काढता फोन खांद्याला दाबून. "नमस्कार. आपल्या उसाची नोंद ऐकण्यासाठी एक दाबा. तोडणीची पाळी ऐकण्यासाठी दोन दाबा." कराडकडच्या एका साखर कारखान्यानं सभासदांसाठी ही फोनसेवा घेतली होती, आणि ती चालवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत क्रांती इंजिनिअर होती. निवेदन हे काही तिचं काम नव्हतं. सुरुवातीला चाचणीपुरता कुणाचा तरी आवाज हवा होता म्हणून तिनं कपाटाचं दार उघडून, टांगलेल्या कपड्यांत डोकं खुपसून, अंगावर गोधडी घेऊन ती वाक्यं बोलली होती. पुढं खऱ्या निवेदिकेचा आवाज घेऊ असं ठरलं होतं. ते राहूनच गेलं. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर क्रांती पुन्हा गोधडी घेऊन कपाटात शिरायची आणि नवी वाक्यं बोलायची.

ती सांगलीत विश्रामबागेत एका फ्लॅटमध्ये एकटी राहायची. मूळ गाव पलूसजवळचं. वडील लष्करातून निवृत्त होऊन वारले, धाकटा भाऊ वीरधवल तोही लष्करात, बायकापोरांसह तिकडं आसामात. आई आजारी पडली तेव्हा क्रांती पुण्याची खोली सोडून सांगलीला आली, कारण दवाखाना इथं होता आणि काम घरून करता येत होतं. दीड वर्षात आई गेली. त्यानंतर पुण्याला परत जायचं तर कुणासाठी आणि इथं राहायचं तर कुणासाठी, या दोन्ही प्रश्नांना तिच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ती जिथं होती तिथंच राहिली. लग्नाचं म्हणाल तर एक-दोन स्थळं जमता जमता मोडली, आणि मग आईच्या आजारपणात तो विषय काढणारंच कुणी उरलं नाही.

दिवस कामात जायचा. सकाळी हेडफोन कानाला लावला की मीटिंगा सुरू. पडद्यावर चौकोन, चौकोनांत नावं, कॅमेरे सगळ्यांचे बंद. कुणी तिला हाक मारली तर बहुतेक वेळा ती "क्रांती, तू म्यूटवर आहेस" एवढंच सांगायला असायची. किराणा मोबाइलवरून यायचा. पिशवी दाराला अडकवून पोरगा जिना उतरलेला असायचा, ती दार उघडेपर्यंत पावलांचा आवाजसुद्धा संपलेला असायचा. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या सुलाबाई पूर्वी "काय वो ताई, मेथी घ्या की, कवळी हाय" म्हणून बोलायच्या. आता त्यांच्या पाटीपाशी एक डबी ठेवलेली असते. क्रांती मोबाइल धरते, डबी 'पैसे मिळाले' म्हणून ओरडते, सुलाबाई मान हलवतात. झाला व्यवहार. असल्या डब्यांच्या मागचं सगळं तंत्र क्रांतीला पाठ होतं. तसल्याच एका कामावर तिची पहिली बढती झाली होती. मेथीची जुडी हातात घेऊन घरी येताना तिच्या मनात यायचं, आपण आयुष्यभर केलं काय, तर माणसांना बोलायची गरज पडू नये याची सोय केली.

पण असले विचार ती फार वेळ करायची नाही. काम असायचं.

दिवाळी झाली आणि तिला ताप भरला. डेंग्यू निघाला. डॉक्टर म्हणाले, ॲडमिट होताय का, घरी कोण आहे बघायला? ती म्हणाली, आहेत. आपण का खोटं बोललो ते तिचं तिलाच कळलं नाही. घरी येऊन ती पडून राहिली. शहाळी मागवायची, पेज करायची, ती अर्धी टाकून द्यायची. अंग असं दुखायचं की कूस बदलताना तोंडातून आवाज यायचा, आणि तो रिकाम्या घरात ऐकून तीच दचकायची. ताप उतरला तेव्हा घसा पुरता बसला होता. नेमकी तेव्हाच नव्या हंगामाची वाक्यं रेकॉर्ड करायची होती. पुण्यातले तिचे वरिष्ठ, विश्वजित, फोनवर म्हणाले, "अगं, तू आराम कर. या वर्षी तसंही आवाज मशीनचाच घेतोय आपण. नवीन सिस्टीम आहे, माणूस बोलतो तसं बोलते. एक दाबा, दोन दाबा काही नाही. शेतकऱ्यानं विचारायचं, तिनं उत्तर द्यायचं."

"बरं," क्रांती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"काळजी घे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ग्रुपवर चार-पाच जणांनी फुलांची चित्रं टाकली. ती कामावर परत रुजू झाली तेव्हा 'आता कशी आहेस' असं विचारायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असेलही, पण प्रत्येकाला वाटलं असेल की दुसऱ्या कुणीतरी विचारलंच असेल.

जानेवारीत तिच्याकडं नवं काम आलं. नव्या मशीनला ज्या फोनवरचं बोलणं कळलं नाही, ते फोन ऐकायचे आणि त्यांच्यावर शिक्के मारायचे. आवाज अस्पष्ट. चुकीचा नंबर. विषयाबाहेर. मशीन पुढच्या वेळी शहाणं व्हावं म्हणून. ती दिवसभर ऐकत बसायची. मागं पंपाचा आवाज, कुणाची तरी म्हैस, कुणीतरी "आरं लाव की लाऊडवर" म्हणतंय.

एका दुपारी तिनं असाच एक रेकॉर्ड झालेला फोन ऐकायला लावला. एका बाईचा आवाज होता, खणखणीत.

"हालो? कोन बोलतंय?"

"नमस्कार. मी आपल्याला काय मदत करू शकते?" मशीन गोड आवाजात म्हणालं.

"तू न्हवं गं. ती पयली बाई कुठाय?"

"माफ करा, मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

"आगं, पयली. एक दाबा, दोन दाबा म्हणायची ती. चार वरसं तीच व्हती की. दिवाळीपास्नं दिसंना, आपलं, ऐकू यीना. आजारीबिजारी न्हाई न्हवं पडली?"

"माफ करा, मला समजलं नाही."

"बरं, ऱ्हाऊ दे. आसंल तिथं बरी आसू दे म्हणावं."

फोन बंद झाला. पडद्यावर शिक्क्यांची रांग थांबली होती. 'विषयाबाहेर' या शिक्क्यावर क्रांतीचं बोट गेलं आणि तिथंच राहिलं. तिनं तो फोन पुन्हा ऐकला. मग आणखी एकदा. रडू वगैरे आलं नाही. फक्त उठून खिडकी उघडावीशी वाटली. ती उघडून ती तिथं उभी राहिली. खाली रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता. तो निघून गेला तरी ती तिथून हलली नाही.

फोन करणाऱ्याचं नाव आणि गाव नोंदीत असतंच. मनुबाई, कराड तालुक्यातलं एक गाव. कंपनीचा नियम असा की ग्राहकाच्या ग्राहकाशी, म्हणजे कारखान्याच्या सभासदांशी, आपण परस्पर संबंध ठेवायचा नाही. क्रांतीनं तो नियम नव्या पोरांना स्वतः शिकवला होता. पुढचे दोन दिवस ती कामाला बसली की तो खणखणीत आवाज तिच्या मनात यायचा. मनुबाई तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली ती अशी: गावाच्या कडेला घर, एकटी म्हातारी, पोरं शहरात. बोलायला कुणी नाही म्हणून कारखान्याचा फोन लावून पलीकडच्या बाईची चौकशी करणारी. आपल्यासारखीच. शनिवारी सकाळी क्रांतीनं एस.टी. पकडली.

पलूस आलं तेव्हा तिच्या गावचा फाटा खिडकीतून दिसला. फाट्यापासून घर जवळच होतं, कुलूप लावलेलं. ती उतरली नाही. कराडला उतरून खचाखच भरलेल्या वडापच्या जीपमध्ये बायकांच्या मांडीला मांडी लावून बसली. कितीतरी महिन्यांनी कुणाचा तरी खांदा तिच्या खांद्याला लागला होता. शेजारची बाई झोपेत तिच्यावर कलंडली, तरी तिनं खांदा काढला नाही.

घर सापडायला वेळ लागला नाही. पण ते गावाच्या कडेला नव्हतं, भर चौकात होतं. पुढं पत्र्याची पडवी, पडवीत दोन मोटारसायकली, आत टीव्ही चालू, मागल्या दारी कुणीतरी कुणाला मोठ्यानं हाका मारत होतं. पडवीत एक दणकट बाई सुपात ज्वारी पाखडत बसली होती. शेजारी तिची सून अंजना लसूण सोलत होती.

"मनुबाई तुम्हीच का?"

"व्हय. दवाखान्याच्या का तुमी? गोळ्या द्याला आलाय?"

"नाही." क्रांती म्हणाली. एस.टी.त बसून जुळवलेलं सगळं विसरायला झालं. "मी कारखान्याच्या फोनातली बाई. पहिली."

मनुबाई तिच्याकडं नुसती बघत राहिली. मग क्रांतीला काय वाटलं कोण जाणे, तिनं दोन्ही हात पोटापाशी धरले आणि शाळेत कविता म्हणावी तशी म्हणून दाखवली: "नमस्कार. आपल्या उसाची नोंद ऐकण्यासाठी एक दाबा. तोडणीची पाळी ऐकण्यासाठी दोन दाबा."

सूप थांबलं.

"आगं बया!" मनुबाई ओरडली. "आवं, हिकडं या की! फोनातली बाई आलीया!" आणि मग क्रांतीला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "आन यवडीशीच हाईस व्हय तू? मला वाटलं चांगली भारदस्त आसंल. चष्मा आसंल. बस की, हुबी का?"

सगळे हसले. क्रांतीही हसली. अंजनानं पाणी आणलं. मागल्या दारानं मनुबाईचे मालक, तात्याबा, धोतराला हात पुसत आले. शेजारच्या दोन बायका उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी क्रांतीला परत एकदा 'एक दाबा' म्हणावं लागलं. चहा झाला. घरात कोण कोण असं मनुबाईनं विचारलं, क्रांती म्हणाली, मी एकटीच. मनुबाई म्हणाली, "आसं व्हय," आणि पोह्यांची बशी तिच्याकडं सरकवली.

थोडी गर्दी पांगल्यावर क्रांतीनं विषय काढला. "मावशी, तुम्ही फोनवर माझी चौकशी केली होती. मी बरी आहे का म्हणून. मी खरंच आजारी होते तेव्हा. म्हणून म्हटलं, येऊन सांगावं, बरी आहे."

"मी? कवा?"

"याच महिन्यात. म्हणालात, असेल तिथं बरी असू दे."

मनुबाईनं आठवून बघितलं. प्रामाणिकपणे आठवून बघितलं, आणि मान हलवली. "आसंल इचारलं. ध्यानात न्हाई बाई. रोज कुनाला ना कुनाला काय ना काय बोलत आसतोय आमी."

एवढंच. त्यात काही वाईट नव्हतं. चौकातून जाणाऱ्या कुणालाही ती असंच विचारत असणार, काय गं, दिसली न्हाईस, बरी हाईस न्हवं? क्रांतीनं चहाचा कप दोन्ही हातांत धरून ठेवला. इतक्या लांबून ती जिला भेटायला आली होती ती एकटी म्हातारी या घरात नव्हतीच. कधी नव्हती.

तेवढ्यात तात्याबा पुढं सरकून बसले. "तुमी त्याच हाय न्हवं? मग मला एक सांगा. ही नवी बाई खोटं का बोलली?"

"काय बोलली?"

"मी इचारलं, आमची तोड कवा? म्हणली, पंधरा दिसांनी. चांगलं नाव घिऊन, गट नंबर सांगून म्हणली. मी म्हणलं, येळ हाय, तर एक पाणी दिऊ. वाळायला लागला व्हता ऊस. पाणी दिलं, आन लगोलग तोडणीची टोळी दारात हुबी! रानात चिखुल. ट्रॅक्टर कसा घालायचा? मुकादम म्हणला, आमी काय थांबत न्हाई. गेली टोळी. आता उसाला तुरा आलाय, वजन घटतंय, आन आमी बसलोय वाट बघत."

"पण तुम्ही तक्रार नाही केली फोनवर?"

"तक्रार काय करायची? तिनं सांगितलं, मी बरं म्हणलं आन ठेवला की फोन."

क्रांतीच्या ध्यानात आलं. मशीननं उत्तर दिलं, माणसानं बरं म्हणून फोन ठेवला. कंपनीच्या हिशेबी हा यशस्वी फोन. तो तिच्याकडं ऐकायला कधीच येणार नव्हता. असे यशस्वी फोन रोज किती होत असतील ते तिला ठाऊक होतं. विश्वजित दर सोमवारी ते मोठ्या अभिमानानं दाखवायचे.

ती मनुबाईबरोबर रानात गेली. वाट ओली होती, ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेले चर तसेच होते आणि त्यांच्यात पाणी साचलं होतं. ऊस उभा होता, वर करड्या तुऱ्यांची रांग. वाऱ्यानं सगळा फड एका बाजूला वाकायचा आणि परत उभा राहायचा. मनुबाईनं एक कांडं मोडून तिच्या हातात दिलं. 

"तुझ्या येळंला," मनुबाई म्हणाली, "काय ठावं नसलं की तू म्हणायचीस, माहिती उपलब्ध नाही. मला आसा राग यायचा तुझा! म्हणायची मी, ही बया काय कामाची. पर बरं व्हतं की ते." मग एकदम वळून म्हणाली, "मग का गेलीस तू सोडून?"

"मी गेले नाही मावशी. आजारी पडले, घसा बसला. तेवढ्यात तिला बसवलं माझ्या जागी."

"आन बरी झाल्यावर?"

"मग मला कुणी विचारलं नाही."

"तू इचारलंस?"

क्रांतीनं हातातल्या कांड्याला दात लावले. ती ऊस सोलत राहिली.

संध्याकाळच्या आत शेवटची जीप होती. निघताना तिनं पडवीत चपला घातल्या आणि निरोप घ्यायला थांबली, तर मनुबाईच्या हातात मोबाइल होता. फौजेतल्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला होता. सगळं घर त्या फोनभोवती गोळा झालं होतं. मनुबाईनं फोन क्रांतीकडं फिरवला, "ही बघ, फोनातली बाई!" पडद्यावरचा गणवेशातला तरुण "रामराम ताई" म्हणाला आणि तिथंच तोंड उघडं ठेवून थिजला. नेटवर्क गेलं होतं. घरातले सगळे "हालो, हालो" करायला लागले. क्रांती थोडा वेळ थांबली. मग अंजनाला हळूच "येते हं" म्हणून निघाली. हरभऱ्याच्या ओल्या डहाळ्यांची एक पेंढी अंजनानं धावत येऊन तिच्या पिशवीत कोंबली.

सोमवारच्या मीटिंगमध्ये विश्वजितांनी आकडे दाखवायला सुरुवात केली तेव्हा क्रांतीनं कॅमेरा सुरू केला. बाकी सगळ्या काळ्या चौकोनांत तिचाच एक चेहरा दिसत होता, ओढलेला, डेंग्यूनंतर गाल बसलेला. तिलाही तो बऱ्याच दिवसांनी एवढ्या मोठ्या आकारात दिसत होता.

"सर, यातले काही फोन चुकीचे आहेत. मी काल नोंदी तपासल्या. सिस्टीमला तारीख माहीत नसली की ती गेल्या हंगामाच्या नोंदीवरून अंदाजानं सांगते. खात्रीनं सांगते."

"थोडंफार चुकणारच गं. माणसं चुकत नाहीत का?"

"माणूस चुकला तर अडखळतो तरी. ही अडखळत नाही. तिच्या सांगण्यावरून एका माणसानं उसाला पाणी दिलं आणि त्याची टोळी परत गेली."

"तुला हे कसं कळलं? कॉल तर सक्सेसफुल आहे."

"मी त्यांच्या घरी जाऊन आले."

 कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी सगळ्यांना ऐकू आली. मीटिंगनंतर विश्वजितांनी तिला वेगळा फोन केला. ते रागावले नाहीत, उलट समजुतीनं बोलले. नियम तुला माहीत आहे, मला वर कळवावं लागेल, एक समजपत्र येईल, मनावर घेऊ नकोस. तिनं मनावर घेतलंच नाही. पुढचा सगळा आठवडा बसून तिनं यशस्वी म्हणून बाजूला टाकलेले फोन ऐकले आणि त्यांतले चुकलेले वेगळे काढले. ते कारखान्याच्या शेतकी ऑफिसपर्यंत पोहोचले तेव्हा तिथून मात्र आरडाओरडा झाला, आणि मग पुण्यात हालचाल झाली. ठरलं असं की तारीख नोंदलेली नसेल तर मशीननं तसं सांगायचं आणि फोन माणसाकडं द्यायचा.

"माणूस कोण?" क्रांतीनं विचारलं.

"हंगाम संपेपर्यंत तूच घे की," विश्वजित म्हणाले. "आणि एक आयडिया आहे. लोकांना तुझा आवाज ओळखीचा आहे ना? तू तासभर काहीतरी वाचून रेकॉर्ड करून दे. मशीन हुबेहूब तुझ्या आवाजात बोलेल. सगळ्यांनाच बरं."

क्रांतीनं क्षणभर कल्पना केली. तिचाच आवाज, कधी न बसणारा, कधी न अडखळणारा, रात्रंदिवस गावोगाव बोलतोय. आणि ती इथं गप्प.

"नको," ती म्हणाली. "फोन घेते मी. आवाज नको."

मनुबाईच्या उसासाठी तिनं कारखान्याच्या गट ऑफिसला इतक्या वेळा फोन केला की तिथले लोक तिला ओळखायला लागले. फेब्रुवारी सरता सरता टोळी परत आली आणि ऊस गेला. वजन कमीच भरलं म्हणे. तिला ते अंजनाकडून कळलं. तिनं फोन केला तेव्हा मनुबाई मागं कुठंतरी कुणाशी तरी बोलत होती, खणखणीत आवाज ऐकू येत होता. "आत्याबाई कामात हायत्या," अंजना म्हणाली. "सांगू का काय?"

"नको. नुसतं सांग, फोनातल्या बाईचा फोन होता."

"व्हय, सांगते," अंजना म्हणाली आणि फोन ठेवला. मनुबाईचा उलटा फोन आला नाही. तो यावा असं काही कारणही नव्हतं.

दुपारचे फोन क्रांती घेत राहिली. सुरुवातीला गंमतच झाली. ती "नमस्कार, बोला" म्हणायची आणि लोक तिच्या कानात एक दाबायचे, दोन दाबायचे. मी माणूस आहे, बोला, असं सांगितलं तरी टूं टूं करत राहायचे. काही जण ओरडून, एकेक शब्द तोडून बोलायचे, मशीनशी बोलतात तसं. काही जण ती बोलत असताना मध्येच फोन ठेवून द्यायचे, कारण मशीनला वाईट वाटत नाही. ती तारीख शोधायची, नसेल तर शेतकी ऑफिसला विचारून उलटा फोन करायची. दिवसाकाठी बरेच फोन व्हायचे. त्यांतल्या कुणालाच ती कशी आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. तरी संध्याकाळी हेडफोन काढला की घसा थोडा दुखायचा, आणि ते तिला बरं वाटायचं.

हंगामाच्या अखेरीस, उन्हं तापायला लागल्यावर, वाळव्याकडच्या एका माणसाचा फोन आला. जालिंदर नाव होतं. नोंद, गट, क्षेत्र सगळं नीट सांगितलं त्यांनी. क्रांतीनं तारीख बघून सांगितली. झालं, आता ठेवतील असं तिला वाटलं. पण ते थांबले.

"मॅडम, एक इचारू? तुमी मशीन हाय का माणूस?"

"माणूस आहे."

"ती बी तसंच म्हणती, मी आपली मदत करते. कसं वळकायचं आमी?" आवाजात चेष्टा नव्हती, खरीच अडचण होती. "माणूस हाय तर मग बोला की कायतरी."

"काय बोलू?"

"काय बी. मानसागत."

क्रांतीनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला काही सुचत नाही. इतकी वर्षं ती बोलत होती, हजारो माणसांच्या कानांत बोलत होती, आणि आता एका माणसाला सांगण्यासारखं एक वाक्य तिच्याकडं नव्हतं. पलीकडं पंप चालू होता. जालिंदर थांबले होते. त्यांना घाई नव्हती.

"आज माझी भाकरी करपली," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या आधीचा फोन आला आणि तवा तसाच राहिला गॅसवर. वास आला तेव्हा बंद केला."

"आरारा," जालिंदर म्हणाले. "पार कोळसा का?"

"एका बाजूनं."

"मग काय न्हाई. खरवडायची आन दुधात कुस्करायची. माझी मालकीन गेल्यापास्नं मी बी तसंच करतोय. येत न्हाईत मला भाकरी. कडंला जाड, मधी कच्च्या."

"पीठ गरम पाण्यात मळता का?"

"गार पाण्यात मळतोय. गरम पायजे व्हय?"

"गरम पाहिजे. चांगलं उकळतं."

"बगतो मग," ते म्हणाले. "ठिवू का?"

"ठेवा," क्रांती म्हणाली.

फोन बंद झाला. पडद्यावर पुढचा फोन आलेला नव्हता. ती स्वयंपाकघरात गेली, तव्यावरची भाकरी काढली, सुरीनं काळी बाजू खरवडली. दूध गरम केलं. ओट्यापाशी उभ्या उभ्याच ती खायला लागली, मग थांबली, खुर्ची ओढली आणि खाली बसून खाल्लं. करपट वास सगळ्या घरात भरला होता. खिडकी उघडावी असं तिच्या मनात आलं, पण ती उठली नाही.